पाइपलाइनच्या कंट्रोल रूममध्ये नवीन आहात? नोंदी कशा ठेवायच्या, तपासणीला कसं सामोरं जायचं

मुंबई–नागपूर गॅस पाइपलाइन समृद्धी महामार्गाच्या कडेने छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जाते. वाळूजकडे श्रीगोंद्याच्या बाजूने शहर गॅस वितरणाची लाइन आली. त्यामुळे मराठवाड्यातल्या तंत्रनिकेतनांतून इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल केलेल्या पोरापोरींसाठी कंट्रोल रूमची नोकरी हा नवा रस्ता उघडलाय. हा लेख त्यांच्यासाठी.

पहिल्या महिन्यात नव्या माणसाला बहुतेक एवढंच सांगतात की स्क्रीन बघत बस, काही लाल झालं की हाक मार. कागदांबद्दल कुणी बोलत नाही. आणि ऑडिटर येतो तेव्हा तो स्क्रीनपुढे थोडाच वेळ उभा राहतो, बाकी दिवसभर कागद मागतो. मी शिफ्टही केल्यात आणि पुढे ऑडिटच्या फायली लावायचं कामही केलंय. तिथे जे दिसलं ते क्रमाने सांगतो.

१. विचारणारे कोण, ते आधी समजून घ्या

पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, म्हणजे आपल्या भाषेत पीएनजीआरबी, हे २००६ च्या कायद्याने आलेलं मंडळ. नैसर्गिक वायू पाइपलाइनची तांत्रिक व सुरक्षा मानकं त्यांनी २००९ मध्ये आणली, शहर गॅस वितरणाची २००८ मध्ये. आपत्कालीन प्रतिसाद आराखड्याचे (ईआरडीएमपी) विनियम २०१० चे. पाइपलाइनच्या इंटिग्रिटी मॅनेजमेंटचे, म्हणजे लाइन धडधाकट ठेवण्याच्या व्यवस्थेचे, २०१२ चे, शहर वितरणासाठीचे २०१३ चे. या विनियमांना कायद्याचं बळ आहे, त्यामुळे तुमच्या कंपनीची अंतर्गत कार्यपद्धती त्यांच्यापेक्षा सैल असू शकत नाही.

दुसरी संस्था ओआयएसडी, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय. ती १९८६ पासून तेल आणि वायू उद्योगासाठी सुरक्षा मानकं काढतं. गॅस लाइन आणि शहर वितरणासाठी मानक २२६, द्रव इंधनाच्या लाइनसाठी १४१, वर्क परमिटसाठी (काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी) १०५. हे तीन आकडे पाठ करा, रोज लागतात. तिसरी संस्था पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय नागपूरला. सीएनजी पंप, साठवण आणि दाबाखालच्या टाक्यांचे परवाने तिच्याकडे.

मंडळ दरवेळी स्वतः येत नाही. मंडळाच्या यादीवरची त्रयस्थ संस्था ऑडिट करते, त्रुटी लिहिते, त्या दुरुस्त करायला मुदत मिळते. मुदतीत काम झालं नाही तर नोटीस, सुनावणी, दंड. २००६ च्या कायद्याचं कलम २८ उघडून बघा: मंडळाच्या निर्देशाचा भंग झाल्यास प्रत्येक भंगामागे १ कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि भंग चालूच राहिला तर दर दिवशी १० लाखांपर्यंत वाढीव. कलम २३ खाली अधिकृतता निलंबित किंवा रद्दही होऊ शकते. दंड कंपनीला होतो हे खरं, पण त्याच्या मुळाशी बऱ्याचदा कुठल्यातरी शिफ्टमधली अर्धवट नोंद असते.

फक्त कंट्रोल रूमसाठी लिहिलेला सगळ्यात तपशीलवार नियम मला अमेरिकेचा वाटतो. तिथल्या पाइपलाइन सुरक्षा प्रशासनाने तो डिसेंबर २००९ मध्ये काढला. जबाबदाऱ्या, शिफ्टची अदलाबदल, थकवा, अलार्म, बदलांचं नियोजन, प्रशिक्षण असे त्याचे भाग पाडलेत. आपल्याला तो लागू नाही. तरी माझी स्वतःची तपासयादी मी त्यावरूनच बनवली, कारण रोज काय बघायचं, महिन्याला काय, वर्षाला काय, हे त्यात स्पष्ट आहे.

२. खुर्चीत बसण्याआधी हे हातात आहे का बघा

- कंट्रोल रूमची कार्यपद्धती, चालू आवृत्ती, सहीशिक्क्यासह. आवृत्ती क्रमांक बघूनच घ्या. टेबलाच्या खणात जुनी प्रत राहून गेलेली असतेच.
- तुमच्या अधिकारांचं लेखी पत्र: कोणता व्हॉल्व्ह तुम्ही स्वतःहून बंद करू शकता, कशासाठी विचारावं लागतं.
- अलार्मची यादी, सेटपॉइंट (ज्या आकड्यावर अलार्म वाजतो तो) आणि प्रत्येकावर करायच्या कृतीसह.
- लाइनचा नकाशा: एसव्ही स्टेशन (लाइनचा तुकडा बंद करायच्या व्हॉल्व्हचं ठिकाण), चेनेज (लाइनवर मोजलेलं अंतर), गावं, रस्ते, नद्या.
- ईआरडीएमपी आणि फोन नंबरांची यादी: अग्निशमन, पोलीस, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन, शेजारच्या कंपन्या.
- लॉगबुक, हँडओव्हर वही, कॉल रजिस्टर, बायपास रजिस्टर (बंद ठेवलेल्या अलार्मांची वही), परमिट रजिस्टर.
- तुमच्या प्रशिक्षणाची आणि मूल्यमापनाची फाइल.

यातलं अधिकाराचं पत्र नव्या माणसाकडे हमखास नसतं. मागून घ्या. रात्री दोन वाजता लाइनचा दाब पडतोय आणि तुम्ही साहेबांचा फोन लागायची वाट बघताय, अशी वेळ तुमच्यावर येऊ नये. धोका दिसला तर लाइन बंद करण्याचा अधिकार शिफ्टवरच्या माणसाला आहे, हे कागदावर असलं की हात थरथरत नाही.

३. सगळी घड्याळं एका वेळेवर आणा

हे कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. ऑडिटर एखादी घटना निवडतो आणि तिच्या वेळा चार ठिकाणी बघतो: स्काडाचा (लाइनवरची माहिती स्क्रीनवर आणणारी संगणक यंत्रणा) इव्हेंट लॉग, तुमची वही, कॉल रजिस्टर आणि गस्तीवाल्याची नोंद. तपासणीत माणूस अडकतो तो बहुतेक वेळा या चौघांचा मेळ न बसल्यामुळे. स्काडा म्हणतं अलार्म २ वाजून १४ मिनिटांनी आला, वही म्हणते २ वाजून ५ मिनिटांनी फोन केला. म्हणजे अलार्म यायच्या आधीच फोन केलात का? खरं कारण एवढंच असतं की भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय. पण ते तेव्हा सिद्ध कसं करणार?

म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. जीपीएसची वेळ प्रमाण धरून स्काडा सर्व्हर, आरटीयू (स्टेशनवरून स्काडाला माहिती पाठवणारं यंत्र), सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन, फोन रेकॉर्डर आणि भिंतीवरचं घड्याळ यांतला फरक एका पानावर लिहा आणि सही करा. एखादा आरटीयू चार मिनिटं मागे दिसला तर गुपचूप दुरुस्त करू नका. आधी फरक लिहा, मग दुरुस्ती करवून घ्या, मग दुरुस्तीची वेळ लिहा, कारण त्याच्या आधीच्या सगळ्या घटना त्या चार मिनिटांच्या फरकानेच नोंदल्या गेल्यात. काही यंत्रं जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. अशा यंत्राच्या छापील अहवालावर तसं ठळक लिहून ठेवा.

४. लॉगबुक: जे झालं ते, झालं तेव्हाच

वाईट नोंद कशी असते ते बघा:

"रात्री एसव्ही-३ ला लो प्रेशर अलार्म आला. चेक केले. ओके."

काय चेक केलं, कुणी, कशावरून ओके ठरवलं, यातलं काहीच कळत नाही. तीच घटना नीट लिहिली तर अशी होते:

"०२:१४ एसव्ही-३ दाब ३८.६ बार, लो अलार्म, सेटपॉइंट ३९. ०२:१५ ॲक्नॉलेज. एसव्ही-२ व एसव्ही-४ चे दाब स्थिर, फ्लोत बदल नाही. ०२:१८ गस्तीवाल्यास फोन, लोकल गेज बघण्यास सांगितले. ०२:५१ लोकल गेज ४१.० बार. ट्रान्समीटरबद्दल शंका. ०२:५५ शिफ्ट इन्चार्ज यांना कळवले. मेंटेनन्सकडे तक्रार नोंदवली. ट्रान्समीटर तपासेपर्यंत दर तासाला लोकल गेजचे रीडिंग घेणार."

लिहायला फार तर पाच मिनिटं लागतात. नंतर वाचणाऱ्याला तुमचा विचार कळतो: शेजारची दोन स्टेशनं बघितली, फ्लो बघितला, माणूस पाठवला, आणि शंका मिटेपर्यंत लक्ष ठेवलं. शेवटचं वाक्य विसरू नका. ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून स्क्रीनकडे पाठवणारं यंत्र, खोटं बोलतोय असं वाटलं म्हणून त्या जागेवरची नजर काढून घ्यायची नसते. उलट तिथे आता तुमच्याकडे डोळा नाही, म्हणून जास्त बघायचं.

नियम साधे आहेत. निळं किंवा काळं बॉलपेन. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, वर बरोबर मजकूर, शेजारी सही आणि वेळ. काही लिहायचं राहिलं आणि नंतर आठवलं तर "उशिरा नोंद" असं लिहून आत्ताची वेळ टाका. उशिरा नोंद करणं गुन्हा नाही. उशिराची नोंद वेळेवरची म्हणून दाखवणं ही मात्र फसवणूक आहे. पान रिकामं राहिलं तर तिरपी रेघ मारा.

५. अलार्म: गप्प करणं सोपं, हिशेब ठेवणं कठीण

आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसव्ही स्टेशनच्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये काय तापमान होतं ते एकदा मे महिन्यात दुपारी जाऊन बघा. बॅटरी लवकर मरतात, वीज गेली की आरटीयू बंद पडतो, आणि स्क्रीनवर "पॉवर फेल", "कम्युनिकेशन फेल" यांची रांग लागते. कंटाळून कुणीतरी ते अलार्म इन्हिबिट करतो, म्हणजे बंद करून ठेवतो. दोन शिफ्टनंतर ते बंद आहेत हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

उद्योगात वापरलं जाणारं ईईएमयूए १९१ हे मार्गदर्शन सांगतं की सुरळीत चालू असताना एका माणसाला १० मिनिटांत सरासरी एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नये. तुमच्या शिफ्टचे अलार्म मोजा आणि आकडा लिहून वरिष्ठांना द्या. "अलार्म फार येतात" या बोलण्याने काही हलत नाही. "गेल्या महिन्यातले बहुतांश अलार्म अमुक तीन स्टेशनांच्या बॅटरीचे" असा कागद दिला की बॅटरी बदलायला पैसे निघतात.

बायपास रजिस्टरमध्ये प्रत्येक इन्हिबिट केलेला अलार्म, स्कॅनमधून काढलेला (स्काडाने वाचणं थांबवलेला) पॉइंट आणि हाताने टाकलेली व्हॅल्यू लिहा: का, कुणाच्या परवानगीने, कधीपर्यंत, तोवर पर्यायी लक्ष कसं ठेवणार. अमेरिकेच्या त्या नियमात अशा पॉइंटांचा दर महिन्याला आढावा सक्तीचा आहे, आणि सुरक्षेशी संबंधित सेटपॉइंट वर्षातून एकदा पडताळायचे आहेत. महिन्याच्या एक तारखेला स्काडातून बंद अलार्मांची यादी काढा, रजिस्टरशी ताडा. रजिस्टरमध्ये नसलेला एकही सापडला तर त्याच दिवशी शिफ्ट इन्चार्जपुढे ठेवा.

हाताने टाकलेली व्हॅल्यू सगळ्यात धोकादायक. स्क्रीनवर आकडा हिरवा आणि स्थिर दिसतो, आणि जमिनीखाली काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध उरलेला नसतो.

६. शिफ्ट सोपवणं आणि झोप

मिशिगनमध्ये मार्शल गावाजवळ जुलै २०१० मध्ये एनब्रिज कंपनीची कच्च्या तेलाची लाइन फुटली. कंट्रोल रूममध्ये अलार्म येत राहिले, शिफ्ट बदलल्या, नियोजित बंदमुळे लाइनमध्ये पोकळी झाली असेल असं समजून पंप दोनदा पुन्हा सुरू केले. १७ तासांनी बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याचा फोन आला तेव्हा गळती आहे हे कळलं. तोवर तेल कालामाझू नदीत गेलं होतं. पहिल्या शिफ्टने बांधलेला अंदाज पुढच्या शिफ्टने खरा धरला तर काय होतं, ते यात दिसतं.

म्हणून सोपवताना अंदाज आणि पाहिलेलं वेगळं लिहा. "ट्रान्समीटर खराब आहे" आणि "ट्रान्समीटर खराब असावा, लोकल गेज अजून पाहिलेलं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोघांनी स्क्रीनसमोर उभं राहून चालू अलार्म, बंद अलार्म, उघडी परमिटं, लाइनवर काम करणारी माणसं आणि अर्धवट राहिलेले फोन वाचायचे, मग दोघांच्या सह्या. घेणाऱ्याने प्रश्न विचारायचे. पुढचा माणूस ज्येष्ठ असला तरी विचारा: "दादा, हे परमिट बंद झालं का अजून उघडंच आहे?" याने कुणाचा अपमान होत नाही.

थकवा हा आपल्याकडचा न बोलला जाणारा विषय. महालक्ष्म्यांचं जेवण, पोळा, लग्नसराई, सोयाबीनची काढणी. कुणीतरी सुट्टीवर जातो आणि मागचा माणूस दुसरी शिफ्टही ओढतो. माणुसकी म्हणून ते बरं वाटतं, पण सलग सोळा तास जागा असलेल्या माणसाला हळूहळू उतरणारा दाब दिसत नाही. सलग आठ तास झोप मिळेल एवढं अंतर दोन शिफ्टमध्ये हवंच. अडचणीत जास्त थांबावं लागलं तर कारण आणि परवानगी लेखी घ्या. ऑडिटर रोस्टर, हजेरी आणि स्काडाचं लॉगिन शेजारी ठेवून बघतो. रोस्टरवर एक नाव, लॉगिन दुसऱ्याचं, हे निघालं की पुढचे सगळे प्रश्न संशयाने येतात. आपला पासवर्ड सख्ख्या मित्रालाही देऊ नका.

७. शेतातून आलेला फोन

माझ्या मते कंट्रोल रूममधली सगळ्यात मोलाची वही म्हणजे कॉल रजिस्टर, आणि सगळ्यात दुर्लक्षित तीच. फोन असा येतो:

"साहेब, आमच्या वावरात तुमच्या पिवळ्या खांबापाशी सूं सूं आवाज येतोय."

"काका, गाव कोणतं? खांबावरचा नंबर वाचता येतो का?"

"अंधार हाय. बॅटरी लावून बघू का?"

"नको काका. बॅटरी नको, मोटरचं बटन नको, बिडी-काडी काहीच नको. वारं जिकडून येतंय त्या बाजूला सगळ्यांना घेऊन लांब चला, आणि लांब गेल्यावर मला परत फोन करा. गट नंबर तेवढा सांगा."

आपल्या शेतकऱ्याला चेनेज माहीत नसतं, पण गट नंबर पाठ असतो. म्हणून लाइनवरच्या प्रत्येक गावाचे गट नंबर, त्यांसमोर चेनेज आणि दोन्ही बाजूंची एसव्ही स्टेशनं अशी यादी करून फोनशेजारी ठेवा. ही यादी कुठलाही नियम मागत नाही. पण अशा रात्री गस्तीची गाडी थेट त्या शेताच्या वाटेला लावता येते.

वास येतो का, एवढं विचारून थांबू नका. घरगुती गॅसला वास असतो तो त्यात मुद्दाम मिसळतात म्हणून. शहर वितरणात हवेत साधारण १ टक्का गॅस झाला तरी वास कळला पाहिजे. पण लांब पल्ल्याच्या मुख्य लाइनमधल्या वायूला बहुधा तसा वास घातलेला नसतो. आवाज, उडणारी माती, पाण्यात बुडबुडे, वाळलेला पट्टा, हे सगळं विचारा. आंध्र प्रदेशातल्या नगरममध्ये २७ जून २०१४ च्या पहाटे गॅस लाइन फुटून पेटली आणि झोपेतली माणसं गेली. गळतीबद्दल आम्ही आधीच तक्रार केली होती, असं गावकऱ्यांनी नंतर सांगितलं. फोन उचलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या प्रकारचा फोन: "बोअर घ्यायचाय, तुमची लाइन कुठून जाती?" हा चौकशीचा फोन समजून दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. दुष्काळाच्या वर्षात बोअरची गाडी मिळेल तेव्हा येते, रात्रीही येते. १९६२ च्या कायद्याने वापर हक्क घेतलेल्या पट्ट्यात शेती करता येते, पण विहीर, तळं, बांधकाम आणि झाडं लावायला मनाई आहे. तो फोन सुरक्षेचा फोन म्हणून नोंदवा, माणूस पाठवा, खुणा करून द्या, आणि खुणा केल्याची वेळ लिहा. शेततळ्याच्या किंवा केबलच्या कामावर येणाऱ्या जेसीबीवाल्यांना मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपबद्दल सांगा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून खांब कलतात, कधी नांगराने उखडतात. गस्तीवाल्याने असा खांब कळवला की त्याचीही नोंद घ्या.

८. बदल आणि मॉक ड्रिल

सेटपॉइंट बदलला, नवी ग्राफिक स्क्रीन आली, नवीन स्टेशन जोडलं, की आधी बदलाचा लेखी प्रस्ताव, मंजुरी, शिफ्टवाल्यांना माहिती आणि मग बदल. "व्हेंडरने लॅपटॉप लावला आणि करून गेला" हे उत्तर कुठेच चालत नाही. व्हेंडर आत आला की त्याच्या येण्याजाण्याची वेळ आणि काय केलं ते लिहा.

मॉक ड्रिलच्या अहवालात काय चुकलं ते लिहा. सगळं सुरळीत झालं असं सांगणाऱ्या अहवालावर कुणाचा विश्वास बसत नाही.

९. तपासणीच्या दिवशी

ऑडिटर बहुतेक वेळा कुठलीतरी तारीख सांगेल आणि त्या दिवसाचं सगळं मागेल. घाबरू नका, आणि घाईघाईत काही भरूही नका. आदल्या रात्री बसून महिनाभराच्या नोंदी एका पेनाने लिहून काढायचा मोह होईल, वरून तसं सुचवलंही जाईल. ठाम नकार द्या. शाई, अक्षर, रीडिंगचे गोल आकडे, सगळं दिसतं, आणि स्काडाचा लॉग तर बदलता येत नाही. नोंद राहिली असेल तर आजच्या तारखेचं पत्र लावा: अमुक दिवसाची नोंद उपलब्ध नाही, कारण हे, पुढे असं होऊ नये म्हणून हे केलं. अशी त्रुटी दुरुस्त होऊ शकते. बनावट नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या वह्यांवरचाही विश्वास उडतो.

विचारलं तेवढंच सांगा. माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा आणि खरंच बघून सांगा. कार्यपद्धती सोडून काही केलं असेल आणि ते सुरक्षेसाठी गरजेचं होतं, तर त्याच वेळी लिहिलेला विचलनाचा कागद दाखवा. असा कागद असला की तेच काम तुमच्या बाजूने उभं राहतं.

१०. त्रुटी बंद करताना

अहवाल आला की प्रत्येक त्रुटीसमोर चार गोष्टी लिहा: काय केलं, कुणी, कोणत्या तारखेला, पुरावा कोणता. "संबंधित कर्मचाऱ्यांना समज दिली" एवढ्याने त्रुटी बंद होत नाही. ट्रान्समीटर बदलला तर जुन्या-नव्याचे अनुक्रमांक, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आणि फोटो लावा. प्रशिक्षण दिलं तर हजेरी आणि प्रश्नपत्रिका लावा. मुदतीत होणार नसेल तर मुदत संपायच्या आधी लेखी कळवा, आणि तोवर धोका कसा सांभाळताय ते त्यातच सांगा. या सगळ्याची एक प्रत कंट्रोल रूममध्ये ठेवून घ्या, मुख्यालयाच्या कपाटात एकटी जाऊ देऊ नका. पुढचा ऑडिटर पहिल्यांदा तीच फाइल मागतो.